हेडरूम म्हणजे कुठली खोली?

इंग्लंडमध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका बहुमजली पार्किंगच्या तोंडाशी पाटी वाचली: 'मॅक्स हेडरूम 2.1 मी.' मला वाटलं, आत कुणा साहेबांची खोली असेल. ती एवढीशी का, इतकाच प्रश्न पडला. पाटीखाली साखळ्यांना टांगलेली काळी-पिवळी आडवी नळी झुलत होती. तिच्याकडे लक्षही गेलं नाही.

अर्थ कळला तो घर बदलताना. भाड्याची उंच व्हॅन मी त्याच पार्किंगकडे वळवली आणि शेजारी बसलेला मित्र ओरडला, "अरे थांब, वर बघ!" ब्रेक दाबला, तरी नळी टपाच्या कडेवर ठण्णकन वाजलीच. मागे चार गाड्या. मित्राने समोरचा स्टिकर दाखवला, त्यावर व्हॅनची उंची फूट-इंचांत लिहिलेली. 3 मीटरहून उंच गाडीत ती चालकाला दिसेल अशी लिहिणं इथे कायद्याने बंधनकारक आहे.

तर यातली 'रूम' म्हणजे खोली नव्हे, जागा. 'जरा सरका, जागा द्या' मधली. फक्त ही उभी मोजायची. त्यातही गंमत अशी की कारमध्ये हेडरूम म्हणजे आपलं डोकं आणि टप यांच्यामधलं अंतर. पुलाखाली मात्र रस्त्यापासून पुलाच्या पोटापर्यंतची सगळी उंची. 16 फूट 6 इंचांपेक्षा कमी असेल तर पुलावर पाटी लागते. कमानीच्या पुलाखाली ही उंची मधोमध जास्त, म्हणून उंच ट्रक रस्त्याच्या मध्यावरून जातात.

अमेरिकेत याच पाटीवर 'क्लिअरन्स' लिहितात.

नंतर हा शब्द भलतीकडेच भेटू लागला. आवाज फाटेपर्यंत वर किती जागा उरली, ती साउंडवाल्यांची हेडरूम. ऑक्टोबर 2024 च्या इथल्या बजेटनंतर बातम्यांत तेच: अर्थमंत्र्यांकडे 9.9 अब्ज पौंडांची हेडरूम, म्हणजे सरकारी खर्चाबाबत स्वतःच घातलेला नियम मोडेपर्यंत उरलेली जागा.

याला मराठीत काय म्हणावं? 'डोक्यावरची मोकळी जागा' पाटीवर मावणार नाही. बजेटपुरता 'वाव' चपखल बसतो. आणि कोळ्यांच्या बोलीत वाव हे मापच आहे, पसरलेल्या दोन हातांएवढं. पाणी किती वाव खोल, असं विचारतात. म्हणजे उभ्या जागेचा शब्द आपल्याकडे होताच, फक्त आपण तो खाली मोजत होतो.

व्हॅन शेवटी दोन गल्ल्या सोडून उघड्यावर लावली.