वायुदाबाच्या नोंदींत चंद्र शोधताना

दर मिनिटाला वायुदाब टिपणारा सेन्सर अखंड चालू ठेवून आता बराच काळ झाला आणि सूर्याची लाट, म्हणजे सूर्यामुळे दाबात रोज होणारी ठरावीक चढउतार, पूर्णपणे हाती आली आहे. पुरेसे दिवस एकावर एक ठेवले की हवामानाची चढउतार सरासरीत विरून जाते आणि दोन उंचवट्यांचा स्वच्छ आलेख उरतो. सकाळी दहाच्या सुमारास शिखर, दुपारी चारला दरी, रात्री दहाला पुन्हा शिखर, पहाटे चारला पुन्हा दरी. पुढचा टप्पा चंद्रामुळे दाबात उठणाऱ्या लाटेचा, आणि तो कितीतरी अवघड आहे. आजची नोंद मुख्यतः त्याबद्दल आहे, पण सूर्याच्या लाटेपाशी थोडं रेंगाळल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

विषुववृत्ताजवळ या लाटेचा आयाम, म्हणजे सरासरीपासून शिखरापर्यंतची उंची, सुमारे १.२ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) असतो आणि ध्रुवांकडे जाताना तो झपाट्याने घटतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट दक्षिण अमेरिकेत फिरला तेव्हा ही चढउतार त्याला इतकी नेमाची वाटली, की बॅरोमीटर पाहून वेळ सांगता येईल. उच्च अक्षांशांवर एकेक आवर्त (कमी दाबाचं वादळी क्षेत्र) दाब दहा-वीस हेक्टोपास्कलने हलवून जातं, म्हणून तिथे ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, सरासरीतून काढावी लागते.

आता प्रश्न असा. समुद्राच्या भरतीत चंद्र मोठा आणि सूर्य धाकटा, कारण चंद्राचं भरतीबल सूर्याच्या जवळजवळ २.२ पट आहे. हवेत मात्र सूर्याची लाट चंद्राच्या लाटेपेक्षा दहापटीहूनही मोठी. म्हणजे हे काम गुरुत्वाकर्षणाचं नव्हे, उष्णतेचं. पण हवा दिवसातून एकदाच तापते. मग शिखरं दोन का?

अर्धं उत्तर तापण्याच्या आकारात आहे. दिवसा ऊन चढतं आणि उतरतं, रात्रभर मात्र शून्यावर सपाट राहतं. असा आकार २४ तासांच्या एकाच गोलाईदार लाटेने काढता येत नाही. त्यात १२ तासांची लाटही मिसळलेली असते. तरीही २४ तासांचा भाग मोठाच असतो. तो जमिनीवरच्या दाबात इतका दबलेला का? भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विनने १८८२ मध्ये सुचवलं, की वातावरणाचा स्वतःचा आंदोलनकाळच १२ तासांच्या जवळ असावा, म्हणून तेवढीच लाट अनुनादाने, म्हणजे झोक्याला त्याच्याच तालात धक्के दिल्यासारखी, फुगते. कल्पना फार देखणी होती. पण त्याच्या पुढच्याच वर्षी, २७ ऑगस्ट १८८३ रोजी इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्याची दाबलाट जगभरच्या बॅरोमीटरांवर पुन्हापुन्हा उमटली. १९२९ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलरने त्या लाटेच्या वेगावरून हिशोब मांडला तेव्हा तो आंदोलनकाळ साडेदहा तासांच्या आसपास निघाला. १२ तासांपासून हे बरंच दूर.

समाधानकारक उलगडा १९६० च्या दशकात झाला. खालच्या थरात बाष्प ऊन शोषतं, आणि वर, साधारण ३० ते ६० किलोमीटरच्या पट्ट्यात, ओझोन शोषतो. १२ तासांच्या लाटेची उभी तरंगलांबी, म्हणजे उंचीच्या दिशेने एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर, शंभर किलोमीटरहून जास्त आहे, त्यामुळे एवढ्या जाड थरात कुठेही उष्णता मिळाली तरी सगळे धक्के एकाच दिशेने साठत जातात. २४ तासांच्या लाटेची उभी तरंगलांबी जेमतेम २८ किलोमीटर. ओझोनच्या थराचा एक भाग तिला पुढे ढकलतो, तर दुसरा मागे खेचतो. शिवाय ३० अंश अक्षांशापलीकडे ती उभ्या दिशेने नीट प्रवासच करू शकत नाही. हे कळल्यापासून सकाळी दहाच्या शिखराकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. हवेच्या तळाशी ठेवलेल्या नखाएवढ्या सेन्सरवर चाळीस-पन्नास किलोमीटर उंचीवरच्या ओझोनचं तापणं उमटतं आहे!

आता उपकरणाबद्दल. सेन्सर बीएमपी२८० आहे. त्याने दाखवलेला दाब तापमानाबरोबर दर अंशाला साधारण १.५ पास्कल सरकू शकतो. दिवसभरात दहा अंशांचा फरक पडला तर ०.१५ हेक्टोपास्कलची खोटी लाट तयार होते. सूर्यासाठी ते चालून जातं, चंद्रासाठी मुळीच नाही. म्हणून सेन्सर आतल्या भिंतीवर, उन्हापासून दूर आणि मायक्रोकंट्रोलरपासून (नोंदी घेणाऱ्या, चालताना तापणाऱ्या छोट्या संगणकापासून) लांब वायरीवर ठेवला आहे. डबा हवाबंद करायचा नाही, छोटं छिद्र हवंच. वाऱ्याचे झोत आणि दारांची उघडझाप यांच्यासाठी दर मिनिटातल्या वाचनांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं वाचन) घेतो, तेवढं पुरतं.

चंद्राच्या लाटेचा आयाम विषुववृत्ताजवळ सुमारे ०.०८ हेक्टोपास्कल. सेन्सर जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवला तर दाब जेवढा उतरतो, साधारण तेवढाच! फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने पॅरिस वेधशाळेच्या काही वर्षांच्या नोंदींतून ती शोधायचा प्रयत्न केला, पण भरवसा ठेवावा असं काही निघालं नाही. १८४७ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड सबाइनने दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावरच्या नोंदींतून ती दाखवली. उष्ण कटिबंधात लाट मोठी आणि हवामान शांत, हा दुहेरी फायदा तिथे होता. इंग्लंडमधल्या ग्रिनिचसाठी गणितज्ञ सिडनी चॅपमनला १९१८ मध्ये ६४ वर्षांच्या ताशी नोंदी लागल्या आणि त्यातलेही फक्त शांत दिवस त्याने निवडले. उत्तर आलं एका शतांश हेक्टोपास्कलच्या आसपास. एवढ्या बारीक गोष्टीसाठी एवढा धीर धरणाऱ्या माणसाबद्दल मला नितांत आदर वाटतो.

माझी पद्धत त्याच्याच वाटेवरची. एका चंद्रमध्यापासून पुढच्या चंद्रमध्यापर्यंत, म्हणजे चंद्र याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) आल्यापासून पुन्हा तिथे येईपर्यंत, सरासरी २४ तास ५० मिनिटं लागतात. तेवढा एक चांद्रदिवस धरून त्याचे २४ चांद्रतास पाडायचे आणि प्रत्येक वाचन आपापल्या चांद्रतासात टाकायचं. आधी सूर्याची लाट वजा करायची, तीही महिन्यागणिक वेगळी, कारण ऋतूप्रमाणे ती बदलते. नोंदींची लांबी पूर्ण चांद्रमासांत कापायची, अमावास्या ते अमावास्या सरासरी २९.५३ दिवस. तेवढ्या काळात चंद्र सूर्याच्या सगळ्या तासांवरून फिरून येतो आणि सूर्याचं उरलंसुरलं अवशेष आपोआप कटतं. शेवटी, ज्या दिवशी दाबाची चढउतार ठरावीक मर्यादेबाहेर गेली तो दिवस गाळायचा.

असं करून जो आलेख आला त्यात दोन उंचवटे दिसतात. पण दोन उंचवटे गोंगाटातही दिसू शकतात, म्हणून या वेळी एक नवी चाचणी लावली: खोटे चंद्र. चांद्रदिवस २४ तास ३५ मिनिटांचा, २५ तास १० मिनिटांचा, असे मनाने ठरवलेले काळ घेऊन तीच सगळी प्रक्रिया पुन्हा चालवायची. खोट्या चंद्रांनीही तेवढेच उंचवटे दिले तर खऱ्याचा दावा टिकत नाही. सध्या खरा चंद्र बहुतेक खोट्यांपेक्षा उंच आहे, सगळ्यांपेक्षा नाही. नोंदींचे दोन भाग करून वेगवेगळे पाहिले तर एका भागात शिखर चंद्रमध्यानंतर तासाभरात येतं, दुसऱ्यात त्याहून बरंच उशिरा. म्हणून चंद्र सापडला असं मी आज म्हणणार नाही.

हा उशीर निव्वळ गोंगाट असेलच असंही नाही. चंद्राच्या लाटेची वेळ ऋतूनुसार थोडी सरकते हे जुन्या वेधशाळांच्या नोंदींतूनच दिसलं आहे. त्यातच चंद्र हवेला नुसता वरून ओढत नाही. समुद्राची भरती हवेला खालून उचलते, आणि घन पृथ्वीही किंचित वरखाली होते. या तिन्हींची बेरीज सेन्सरवर येते.

यापुढे नोंदींचे भाग काळाच्या मध्यावर न पाडता ऋतूंप्रमाणे पाडणार आहे. शांत दिवसाची मर्यादा कमीजास्त करून खऱ्या आणि खोट्या चंद्रांमधलं अंतर कसं बदलतं तेही बघायचं आहे. मर्यादा फार कडक केली तर दिवसच उरत नाहीत. कुणाकडे वेगळ्या अक्षांशावरच्या दीर्घ नोंदी असतील, तर त्यांवर खोट्या चंद्रांची चाचणी जरूर चालवून बघा. दर मिनिटाच्याच हव्यात असं नाही, ताशी चालतील. तापमानाचा रकाना मात्र सोबत हवा.