ड्यूक्स पास: रस्ता एवढासा, पण दिवस पुरत नाही

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून हायलँड्सकडे, म्हणजे वरच्या डोंगराळ मुलखाकडे निघायचं म्हटलं की नव्वद टक्के लोक डोळे झाकून लॉख लोमंडच्या (लॉख म्हणजे तळं) काठचा ए82 हा रस्ता धरतात. सुंदरच आहे तो, नाही म्हणत नाही, पण सुट्टीच्या दिवशी कोच आणि कॅराव्हॅनच्या शेपटाला लागून जायचं आणि पार्किंगसाठी घिरट्या घालायच्या, यात मजा काय? म्हणून आम्ही ट्रॉसॅक्स या डोंगर-तळ्यांच्या भागातला रस्ता घेतला, ॲबरफॉइल गावावरून ड्यूक्स पास हा घाट चढून लॉख कॅट्रिन आणि मग कॅलँडर गाव. अंतर बघाल तर हसाल, सरळ गाडी मारली तर तासाभरात संपेल. पण सरळ मारायचीच नाही, तीच तर गंमत आहे.

ॲबरफॉइलपर्यंत सगळं सपाट, शेतं, कुंपणं, मेंढ्या. गाव ओलांडलं की रस्ता एकदम वर उचलतो आणि वळणांवर वळणं सुरू. हे असं अचानक का, तर स्कॉटलंडला तिरकी चिरत जाणारी हायलँड बाउंड्री फॉल्ट नावाची भेग नेमकी इथून जाते, खाली लोलँड्स आणि वर हायलँड्स. घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये कळतंच ते. मागच्या सीटवरून सासूबाई, "अगं, त्याला सांग हळू घे, मला नीट बघू दे," आणि नवरा म्हणतो, "आई, याहून हळू म्हणजे उतरून ढकलावी लागेल." रस्ता दुपदरी आहे पण अरुंद, समोरून लाकडाचा ट्रक आला की आपोआप पोट आत घेतलं जातं. गाडी डावीकडूनच चालवायची असते, त्यामुळे आपल्याला त्याचं काही वाटत नाही.

रस्ता बांधला ड्यूक ऑफ मॉन्ट्रोझने, एकोणिसाव्या शतकात, म्हणून नाव ड्यूक्स पास. तेव्हा टोल द्यावा लागायचा म्हणे. पण मुळात लोक या आडबाजूला यायला लागले ते एका कवितेमुळे! सर वॉल्टर स्कॉटची 'द लेडी ऑफ द लेक' 1810 मध्ये आली, तिच्यातलं तळं म्हणजे लॉख कॅट्रिन, आणि ती वाचून माणसं गाड्याघोडे करून इकडे लोटली. रील बघून धबधब्यावर गर्दी करणाऱ्यांना आपण नावं ठेवतो ना, तर हे दुखणं दोनशे वर्षांपूर्वीचं आहे.

पासच्या वरच्या अंगाला उजवीकडे थ्री लॉख्स फॉरेस्ट ड्राइव्हचं गेट लागतं. ते अजिबात सोडू नका. साधारण 7 मैलांचा खडीचा जंगलरस्ता, वन वे, आत शिरताना थोडे पैसे भरायचे आणि मग वाटेल तिथे थांबत जायचं. आधी एक चिमुकलं तळं, मग लॉख ड्रंकी, शेवटी लॉख ॲक्रे आणि तिथून परत मेन रोड. वन वे असल्याने समोरून कोणी येत नाही, मागून हॉर्न नाही, ड्रायव्हरलाही बाहेर बघता येतं. हिवाळ्यात गेट बंद असतं, ढोबळमानाने ईस्टर ते ऑक्टोबर अखेर उघडं, निघायच्या आधी चेक करा.

ड्रंकीच्या काठी आम्ही बराच वेळ काढला. पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी, पण गढूळ नाही, तळाचा दगड न् दगड दिसतो. डोंगरावरच्या पीटमधून, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या थरातून झिरपून येतं म्हणून हा रंग. काठाला बर्चची बारीक पानं आणि मागे काळपट हिरव्या सिटका स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची भिंत, एकाच उंचीची, रांगेत. ती रांग बघून मला शंका आली होती आणि ती खरी निघाली, जंगल लावलेलं आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाची चणचण भासली, 1919 मध्ये फॉरेस्ट्री कमिशन हे सरकारी वनखातं निघालं आणि डोंगरच्या डोंगर झाडांनी भरले. सिटका तर मूळचा इथला नाहीच, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा. आत शिरलात तर खाली अंधार, शेवाळ, ना गवत ना पक्ष्याचा आवाज. जिथे ओक आणि बर्च आहेत तिथे मात्र सगळं जिवंत वाटतं. मला विचाराल तर लांबून सिटका, जवळून ओक.

आणि तळंसुद्धा निव्वळ निसर्गाचं नाही बरं का! ग्लासगोत कॉलऱ्याने माणसं मरत होती तेव्हा शहराने लॉख कॅट्रिनचं पाणी न्यायचं ठरवलं, 1859 मध्ये राणी व्हिक्टोरियाने येऊन त्याचं उद्घाटन केलं. जवळपास 26 मैलांचा बोगदे आणि पुलांवरचा पाट, पंप नाही काही नाही, निव्वळ उताराने पाणी शहराच्या वेशीपर्यंत. आता एवढं पाणी पळवलं तर खालच्या नदीचं काय? म्हणून ड्रंकी आणि खालच्या लॉख व्हेनाकरला बांध घालून तिथलं पाणी नदीला भरपाई म्हणून सोडायची सोय केली. आजही ग्लासगोत नळाला कॅट्रिनचंच पाणी येतं. हे कळल्यावर तळं जास्तच आवडलं मला, नवऱ्याला कमी, त्याला 'अनटच्ड नेचर' हवं होतं.

कॅट्रिनच्या धक्क्यावर गर्दी असते, पार्किंगचे पैसे वेगळे. तिथली जुनी आगबोट 1899 सालची, डंबार्टनमध्ये बांधली, तुकडे करून लॉख लोमंडवरून आणि मग घोडागाड्यांवर लादून इथे आणून जोडली, काय हौस! उत्तर काठच्या रस्त्यावर सर्वसामान्य गाड्यांना बंदी आहे, पण सायकल चालते. बोटीने पलीकडे जायचं आणि सायकलने काठाकाठाने परत यायचं, असा झकास बेत करता येतो. गुडघे शाबूत असतील तर शेजारचा बेन ॲन डोंगर चढा, उंची फक्त 454 मीटर पण वरून सगळं कॅट्रिन पसरलेलं दिसतं.

पुढे व्हेनाकरच्या काठाने कॅलँडर. गाव ठीक आहे, खा-प्या आणि सुटा. दिवस हातात असेल तर ए84 ने लॉख लुबनेगवरून बाल्क्विडरला जा, तिथे चर्चच्या आवारात रॉब रॉय मॅकग्रेगर या दंतकथा बनलेल्या हायलँड बंडखोराची कबर आहे. मॅकग्रेगर हे आडनाव लावायलाच अनेक वर्षं कायद्याने बंदी होती, आणि कबरीवर कोरलंय काय, तर 'मॅकग्रेगर, डिस्पाइट देम'. म्हणजे तुमच्या नाकावर टिच्चून! सासूबाईंना हे इतकं आवडलं की फोटो काढून लगेच फॅमिली ग्रुपवर.

जाणाऱ्यांसाठी एवढंच, उन्हाळ्यात संध्याकाळी वारा पडला की पाण्याजवळ मिजेस नावाचे बारीक किडे अक्षरशः फोडून काढतात, जाळीची टोपी जवळ ठेवा. पेट्रोल ॲबरफॉइलच्या आधीच भरा. जंगलात मोबाईलला रेंजचा भरवसा नाही, मॅप आधी डाउनलोड करा. आणि स्कॉटलंडमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, तेव्हा व्हिस्की रात्री मुक्कामावर पोचल्यावरच.