मशीनवर युरोच दाबायचं!

आजची दुपार दांडिया बाजारात, आत्याकडे. ती आणि काका पॅरिसला निघालेत, लेकीकडे. काकांचा सगळा भर रोखीवर. थोडी रोख हवीच, पण सगळी नको. डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते, ते ॲपमधून मर्यादा घालून सुरू करून दिले. फॉरेक्स कार्डात, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवायच्या कार्डात, युरो भरलेत.

एक गोष्ट मात्र आत्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली: दुकानातल्या मशीनने ‘रुपये की युरो’ विचारलं, की युरोच दाबायचं. फॉरेक्स कार्ड वापरताना रुपये दाबले तर युरोचे रुपये आणि रुपयांचे परत युरो, दोन्ही वेळा कात्री लागते. कष्टाचा पैसा आहे हो!

आयफेल टॉवरच्या ऑनलाइन तिकिटासाठी २०२४ मध्ये यूपीआय सुरू झालं, हे ऐकून काका भलतेच खूश!