पळताना की थांबल्यावर?

मंगळवेढ्याकडचा एकोणीस वर्षांचा मुलगा. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे १६०० मीटर मारायचा. त्या दिवशी तिसऱ्या फेरीत तोंडावर पडला, मिनिटभरात उठून बसला. गावात सलाईन लावलं, उपाशी पळाला म्हणून चक्कर आली असं सांगितलं. वडिलांनी खुराकात दोन अंडी वाढवली. सोलापूरला माझ्याकडे, हृदयाच्या डॉक्टरकडे, आणलं ते मामाच्या हट्टापायी.

"पळताना पडलास की थांबल्यावर?"

"पळतानाच, सर. छाती आवळून आली, पुढचं काय कळलंच नाही."

थांबल्यावर आलेली चक्कर बहुतेक वेळा साधी निघते. ऐन पळण्यात शुद्ध हरपली तर हृदय तपासल्याशिवाय पोराला घरी पाठवू नये. हा एक प्रश्न कुणी आधी विचारला नाही, याचा मला अजून राग येतो.

ईसीजी स्वच्छ. सोबत बाहेरचा इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट: झडपा नॉर्मल, पंपिंगही नॉर्मल, साठ टक्के. कोरोनरी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या, महाधमनीतून कुठून निघतात यासाठी त्या छापील फॉर्मात ओळच नव्हती. माझ्याही फॉर्मात नव्हती.

इको मी स्वतः पुन्हा केला. दिवे घालवले, पोराला डाव्या कुशीवर घेतलं आणि महाधमनीच्या झडपेचा आडवा छेद पकडला. उजवी कोरोनरी लगेच सापडली. डावीचं तोंड असतं तिथं नुसती भिंत. श्वास सोडून धरायला लावला, रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या कलरचा स्केल खाली आणला, प्रोब केसभर फिरवला. तेव्हा महाधमनी आणि फुफ्फुसाची धमनी यांच्या मधून जाणारी रंगाची बारीक रेघ दिसली. डावी कोरोनरी उजव्या सायनसमधून, म्हणजे झडपेवरच्या उजवीच्या खळग्यातून, निघाली होती. सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये, बाकीचं कळलं: तोंड चिरेसारखं अरुंद, सुरुवातीचा तुकडा महाधमनीच्या भिंतीतूनच गेलेला. निजलेल्या माणसात तिला रक्त पुरतं. पळताना महाधमनी फुगते, चीर दबते, आणि नेमकं तेव्हाच डाव्या हृदयाला रक्त कमी पडतं.

पळणं त्याच दिवशी बंद केलं. पुण्याला सर्जननी भिंतीतला तो भाग आतून उघडून तोंड रुंद केलं. टाके सुकायच्या आत पोरानं विचारलं, "सर, भरती?" किमान तीन महिने थांब, मग ट्रेडमिल करू, ती स्वच्छ आली तर बोलू, एवढंच सांगितलं. वडील काही बोलले नाहीत. पोराचे बूट पिशवीत घालून त्यांनी गाठ मारली.

भरतीच्या दिवसांत अशी कितीतरी पोरं फिटनेसचा कागद मागायला येतात. त्यांतल्या किती जणांची डावी कोरोनरी मी खरंच शोधली होती? आता फॉर्मवर पेनानं एक ओळ वाढवली आहे: 'दोन्ही कोरोनरींची तोंडं जागेवर दिसली / दिसली नाहीत.' काल एका कबड्डीच्या मुलीसाठी तिथं 'दिसली नाहीत' लिहिलं. सीटी उद्या आहे.