आयडलचा त्रास: लो नीडलला हात लावण्याआधी हवा शोधा

मॉडेल विमानासाठी सेकंड-हँड आलेलं 46 साइजचं ग्लो इंजिन, म्हणजे साधारण साडेसात सीसीचं, मिथेनॉलवर चालणारं टू-स्ट्रोक, अजून टेस्ट स्टँडवरच आहे. वरच्या बाजूला, म्हणजे फुल थ्रॉटलला, त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. 11x6 प्रोपेलरवर (11 इंच व्यास, 6 इंच पिच) 12,600 आरपीएम देतं, आवाज स्वच्छ आहे, मफलरमधून धुराची बारीक रेघ सतत येते. अडचण सगळी खाली आहे, आयडलवर, म्हणजे थ्रॉटल बंद असतानाच्या मंद फिरण्यात. थ्रॉटल बंद केला की इंजिन लगेच उतरत नाही. तीन-साडेतीन हजारांवर लटकून राहतं, मग सावकाश 2,200 पर्यंत येतं, तिथे जरा वेळ टिकतं आणि बंद पडतं. पुन्हा सुरू करावं तर तोच लिव्हर, तीच नीडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू), पण आयडल कधी 2,600 तर कधी 2,000.

माझ्या दृष्टीने यातली सर्वांत महत्त्वाची खूण ही शेवटचीच. मिश्रण नुसतं रिच (इंधन जास्त) किंवा लीन (हवा जास्त) असेल तर इंजिन दरवेळी एकाच पद्धतीने बिघडतं. सेटिंग तेच ठेवूनही आयडल दरवेळी वेगळा येत असेल, तर इंजिनात आपल्या हिशोबात नसलेलं काहीतरी शिरतंय. बहुतेक वेळा ती हवा असते.

चिमटा चाचणीनेही तेच सांगितलं. ही चाचणी बहुतेकांना माहीत आहे, तरी नव्यांसाठी: आयडलवर चालू इंजिनाची फ्यूल ट्यूब कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या) जवळ बोटांनी दाबून धरायची. इंजिन क्षणात बंद पडलं तर लीन. आरपीएम किंचित चढून तीन-चार सेकंदांनी बंद पडलं तर मिश्रण ठीक. आरपीएम बरंच चढलं आणि इंजिन बराच वेळ रेंगाळलं तर रिच. या इंजिनात थ्रॉटल बंद केल्याबरोबर ट्यूब दाबली तर ते झटक्यात बंद पडत होतं, म्हणजे लीन. पण अर्धा मिनिट आयडलवर ठेवून मग दाबली की आरपीएम चांगलंच चढायचं, म्हणजे रिच. थ्रॉटल उघडल्यावर गुरगुर व्हायची आणि मफलरमधून धुराचा लोट यायचा. आधी लीन, मग रिच, तेही एकाच सेटिंगवर. आयडलचं इंधन ठरवणारी लो नीडल मोजून पाहिली तर मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा सव्वा फेरा जास्त उघडी होती. इंधन भरपूर जात होतं आणि तरीही सुरुवातीला लीन वागत होतं. आत शिरणाऱ्या चोरट्या हवेला पुरावं म्हणून कोणीतरी लो नीडल उघडत गेलं असणार, दुसरा अर्थ लागत नाही.

ही गळती फुल थ्रॉटलला का जाणवत नाही, हे नीट समजून घेतलं की पुढची निम्मी कटकट वाचते. आयडलवर कार्बच्या बॅरलची (थ्रॉटलबरोबर फिरणाऱ्या नळकांड्याची) फट जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर असते. त्या फटीतून जाणारी हवा इतकी थोडी असते की कार्बच्या बुडाशी असलेल्या रबरी ओ-रिंगखालून शिरणारा बारीकसा झोतही तिचा मोठा हिस्सा ठरतो. पूर्ण उघड्या बॅरलमधून जाणाऱ्या हवेपुढे तोच झोत नगण्य असतो. म्हणून वर सगळं उत्तम आणि खाली गोंधळ. स्ट्रॉला बारीक भोक पडलं तर हळू ओढताना घोटभरही वर येत नाही, जोराने ओढलं तर काम भागतं, तसंच.

स्वस्तातल्या तपासण्या आधी उरकल्या. थ्रॉटल लिव्हर सैल नव्हता, बॅरल स्टॉप स्क्रूवर दरवेळी त्याच जागी येऊन टेकत होता. विमानात बसवलेल्या इंजिनावर हीच तपासणी सर्व्होसकट (थ्रॉटल हलवणाऱ्या मोटरसकट) करा. सर्व्हो आणि लिव्हर जोडणाऱ्या पुशरॉडमध्ये थोडी ढिलाई असली तरी आयडल बदलता राहतो आणि दोष कार्बवर जातो. फ्यूल ट्यूबचं टोक मात्र कापून टाकलं. पितळी नळीच्या धारदार कडेवर ट्यूबला आतून चीर जाते आणि ती बाहेरून दिसत नाही. नळीची कडही बारीक पॉलिश पेपरने गोल केली.

मग मुख्य संशयित, कार्बची मान. इंजिन आयडलवर ठेवून, प्रोपेलरच्या मागे उभं राहून, काडीच्या टोकावर घट्ट एरंडेल घेतलं आणि कार्ब जिथे क्रँककेसमध्ये बसतो त्या सांध्याभोवती लावत गेलो. समोरच्या बाजूला काही फरक नाही. मागच्या बाजूला तेल लागताच आरपीएम खाली आलं आणि गुरगुर सुरू झाली. तेल काही क्षण कडेला थांबलं आणि मग सांध्यात ओढलं गेलेलं स्पष्ट दिसलं. इंजिन पुन्हा चढलं. परत तेल लावलं, परत उतरलं. याहून स्पष्ट उत्तर इंजिन देऊ शकत नाही. या कामाला मिथेनॉल किंवा तयार इंधन वापरू नका. गरम मफलरजवळ ते सांडणं धोक्याचं आहे, आणि मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसतसुद्धा नाही.

कार्ब काढल्यावर ओ-रिंग हातात आली ती चपटी. कडेने पाहिलं तर गोलाई फक्त बाहेरच्या बाजूला उरलेली. नखाने दाबलं तर खूणही उमटत नव्हती, इतकं रबर कडक झालेलं. नवी बसवताना तिला तेलाचा हात दिला, कार्ब अंगठ्याने खाली घट्ट दाबून धरला आणि त्याच दाबाखाली स्क्रू आवळला. हा दाब महत्त्वाचा आहे. नुसता कार्ब ठेवून स्क्रू आवळला तर ओ-रिंग चेपली जात नाही आणि नव्या रिंगेनेही गळती राहते.

तेवढ्यात बॅकप्लेटचं (क्रँककेसच्या मागच्या झाकणाचं) गॅस्केटही बदललं आणि चारही स्क्रू तिरक्या जोडीने, थोडे थोडे करून आवळले. लो नीडलची स्वतःची बारीक ओ-रिंग चांगली होती. फुल थ्रॉटलचं इंधन ठरवणाऱ्या हाय नीडलचे आटे मात्र ढिले वाटले, म्हणून सिलिकॉन ट्यूबचा छोटा तुकडा त्यावर सरकवला. त्याने हवाही अडते आणि कंपनाने नीडल फिरणंही थांबतं.

यानंतर सेटिंग नव्याने. क्रम हाय आधी, लो नंतर, आणि तो बदलायचा नाही. ट्विन-नीडल कार्बमध्ये आयडलला लागणारं इंधनही हाय नीडलमधूनच येतं, त्यामुळे वरचं हललं की खालचं हलतं. इंजिन चांगलं तापवून हाय नीडल पीकपर्यंत (सर्वाधिक आरपीएमपर्यंत) आत घेतली आणि तिथून साधारण 300 आरपीएम उतरेल इतकी रिच केली. मग लो नीडल, दरवेळी आठवा भाग फेरा. प्रत्येक बदलानंतर एकदा थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन साफ करून घेतलं, कारण आयडलवर क्रँककेसमध्ये साचलेलं इंधन पुढची चाचणी बिघडवतं. लो नीडल शेवटी सव्वा फेऱ्याहून थोडी जास्तच आत गेली. ज्यांच्याकडे एअर-ब्लीडचा (लो नीडलऐवजी हवेचा स्क्रू असलेला) कार्ब आहे त्यांनी लक्षात ठेवा, तिथे सगळं उलटं असतं. स्क्रू बाहेर काढला की हवा वाढते आणि मिश्रण लीन होतं.

आता थ्रॉटल बंद केला की इंजिन थेट 2,300 वर येतं आणि तिथेच थांबतं. लटकणं पूर्ण गेलं.

एक गोष्ट उरली होती. ग्लो ड्रायव्हर (सुरू करताना प्लग तापवणारी बॅटरी) काढला की आरपीएम दोनेकशेनी पडायचं. हा दोष नीडलचा नाही, प्लगचा. प्लॅटिनमच्या कॉइलवर मिथेनॉलच्या वाफेची उत्प्रेरक प्रक्रिया होते आणि त्या उष्णतेवर कॉइल बॅटरीशिवाय तापलेली राहते. रे आर्डेन यांनी 1947 च्या सुमारास ग्लो प्लग बाजारात आणला तेव्हापासून आपलं सगळं या एवढ्याशा तारेवर चाललंय. फुल थ्रॉटलला उष्णता मुबलक असते. आयडलवर ती जेमतेम पुरते, म्हणून थकलेला प्लग आधी खालीच उघडा पडतो. जुन्या प्लगची कॉइल 1.5 व्होल्टवर नारिंगी पेटत होती, पण भिंगातून पाहिलं तर तार चकचकीत नव्हती, करडी आणि खरबरीत झालेली. पेटतो म्हणजे चांगला आहे, असा निष्कर्ष काढू नका. त्याच हीट रेंजचा नवा प्लग घातल्यावर ड्रायव्हर काढल्याचं टॅकोमीटरला जेमतेम कळतं.

सध्या 5 टक्के नायट्रोचं (नायट्रोमिथेन मिसळलेलं) इंधन चालू आहे. नायट्रो वाढवलं तर आयडल अजून निश्चिंत होईल हे माहीत आहे, पण गळती आणि प्लग सुधारण्याआधी ते वाढवलं असतं तर खरा दोष झाकला गेला असता. इंधनाचा डबाही ताजा उघडला आहे. मिथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे अर्धवट बंद राहिलेल्या जुन्या डब्यावर आयडल जुळवत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

पुढच्या बेअरिंगमधून तेलाचा थोडा पाझर आहे. तेवढा चालतो. मात्र आयडलवर थ्रस्ट वॉशरमागे (प्रोपेलरमागच्या चकतीमागे) बुडबुडे दिसायला लागले तर बेअरिंग बदलणार.

आता इंजिन विमानात बसवायचं. स्टँडवर टाकीची मध्यरेषा स्प्रे-बारच्या (कार्बमधल्या इंधनाच्या नळीच्या) पातळीपेक्षा सुमारे आठ मिलिमीटर खाली होती, फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात) ती तशीच ठेवता येते का ते आधी मोजणार. आयडलसाठी याचं महत्त्व लँडिंगच्या वेळी कळतं. नाक खाली झालं की मागची टाकी कार्बच्या वर जाते, इंधन उताराने कार्बकडे येतं, मिश्रण रिच होतं आणि गार पडत चाललेला प्लग नेमका अप्रोचमध्ये विझतो. म्हणून पहिल्या उड्डाणाआधी विमान धरायला मदतनीस घेऊन, एकदा भरलेल्या आणि एकदा अर्ध्या टाकीवर, आयडल चालू असताना नाक तीसेक अंश खाली करून अर्धा मिनिट ठेवणार. त्यात इंजिन गुरगुरायला लागलं तर टाकीखालचा फोम कमी करणार. लो नीडल आहे तिथेच राहील.