तलाठीकाका आणि हॅमलिनची नोंद

पुंगीवाल्याची गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच माहीत झालेली असते, त्यामुळे जर्मनीतल्या हॅमलिनला मराठी ग्रुप आणला की गाईडला फारसं बोलावं लागत नाही. फोटो काढायचे, बेकरीतला उंदराच्या आकाराचा पाव विकत घ्यायचा आणि उन्हाळ्यातला रविवार असेल तर दुपारी बाराचं उघड्यावरचं नाटक बघायचं. मी हॅनोव्हरला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी असे ग्रुप फिरवतो. त्या रविवारी मात्र बसमध्ये रत्नागिरीकडचे एक निवृत्त तलाठी होते.

त्यांच्या नातवाने उतरल्या उतरल्या एक लाकडी बासरी घ्यायला लावली आणि तो ती फुंकतच निघाला. 'पुंगीवाल्याचं घर' म्हणतात त्या 1602-03 साली बांधलेल्या दगडी इमारतीच्या कडेने एक अरुंद गल्ली जाते, बुंगेलोझेनस्ट्रासे. मुलं शेवटची दिसली ती इथे, अशी समजूत आहे. म्हणून या गल्लीत वाद्य वाजवत नाहीत, नाचत नाहीत. लग्नाची वरात आली तरी वाजंत्री इथे थांबतात. हे मी सांगणार, तेवढ्यात समोरून सायकल हातात धरून येणाऱ्या एक आजीबाई पोरासमोर उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. त्यांनी बासरीवर हलकेच हात ठेवला, मान हलवली आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवर जुन्या जर्मनमधला लेख आहे. मी वाचून दाखवला: 1284, जून महिन्याची 26 तारीख, रंगीबेरंगी कपड्यांतला पुंगीवाला, हॅमलिनमध्ये जन्मलेली 130 मुलं.

"तारीख आहे, संख्या आहे," काका म्हणाले. "मग ही गोष्ट कसली? मूळ नोंद कुठे आहे?"

एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सावली बघून सगळ्यांना उभं केलं आणि सांगायला लागलो. ग्रिम बंधूंनीही ही कथा परीकथांत घातली नाही. 1816 च्या दंतकथांच्या संग्रहात घातली, म्हणजे गावाचं नाव आणि काळ सांगणाऱ्या कथांमध्ये. तिथे आपल्या ओळखीचा लंगडा मुलगा नाही; तो रॉबर्ट ब्राउनिंगच्या इंग्रजी कवितेतला. ग्रिमकडे परत येतात ती दोन मुलं, एक आंधळं आणि एक मुकं. आंधळ्याला जागा दाखवता येत नाही, मुक्याला सांगता येत नाही. तिसरा एक नुसत्या सदऱ्यावर निघालेला, कोट आणायला घरी वळतो आणि वाचतो.

"आणि उंदीर?" कुणीतरी विचारलं. पंधराव्या शतकातल्या ल्युनेबुर्ग या जर्मन शहरातल्या हस्तलिखितात उंदीर नाहीतच. तिथे फक्त एक देखणा तरुण येतो आणि मुलं घेऊन जातो. उंदीर सोळाव्या शतकात आले.

"म्हणजे फेरफार मागाहून झालाय," काका म्हणाले. मला हसू आवरेना.

नातू वैतागला होता. त्याने डिस्नेचं 1933 चं कार्टून पाहिलं होतं. त्यात मुलं डोंगराआड खेळण्यांच्या राज्यात जातात. तो डोंगर कुठेय, एवढंच त्याला हवं होतं. माझ्या मते त्या कार्टूनने गोष्टीतली धारच काढून टाकली. निदान फ्रेंच दिग्दर्शक झाक देमीच्या 1972 च्या सिनेमात प्लेग तरी आहे. पण हे आठ वर्षांच्या मुलाला काय सांगणार!

मग मी अभ्यासकांचा एक अंदाज सांगितला. त्या काळी पूर्वेकडे नवी गावं वसवायला माणसं नेणारे दलाल फिरत. युर्गेन उडोल्फ या भाषाशास्त्रज्ञाने हॅमलिनच्या आसपासच्या गावांची नावं पूर्वेला शोधली. इकडे हामेलश्प्रिंगं, तर तिकडे बर्लिनच्या उत्तरेला हामेलश्प्रिंग. गेलेली मुलं म्हणजे कदाचित गावची तरुण पोरं.

काका एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "आमच्याकडे मुंबईला गेलेल्यांची अशीच यादी निघेल." त्यांनी खिशातली वही काढली आणि ते गाव माझ्याकडून अक्षर अक्षर विचारून लिहून घेतलं.

नाटकात स्थानिक पोरं उंदीर होऊन पायऱ्यांवर लोळत होती. सगळा ग्रुप शूटिंग करत होता. काका ड्रायव्हरपाशी उभे होते. उद्या बर्लिनला जाताना वाट वाकडी करता येईल का? ड्रायव्हरने गाडी चालवायच्या तासांचा हिशेब दाखवला आणि सरळ नाही म्हणाला.

"मग ट्रेन असेल की," काका म्हणाले आणि माझा मोबाईल मागून घेऊन वेळापत्रक बघायला बसले.