बुंदीचा बाजारभाव

आमच्या कुत्रीच्या विम्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: ‘खरेदी किंमत’. तिथे माझं पेन अडलं. बुंदी आमच्याकडे आली ती २०२० च्या जूनमध्ये, पार्किंगमधल्या स्कूटरखालून. लॉकडाऊनमध्ये डोंबिवली स्टेशनजवळच्या टपऱ्या बंद पडल्या, त्यांच्याबरोबर तिचं जेवणही बंद पडलं, आणि एका संध्याकाळी ती आमच्या जिन्यात येऊन बसली. सासूबाईंनी पोळीचा तुकडा टाकला आणि म्हणाल्या, “आजच्या दिवस हं.” त्या आजच्या दिवसाला आता चार वर्षं होत आली होती.

विमा कंपनीच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम, ब्रीडप्रमाणे मार्केट व्हॅल्यू टाका.” म्हटलं, गावठी आहे, रस्त्यावरची. जरा वेळ शांतता. मग म्हणाला, “शून्य नका टाकू फक्त. सिस्टिम घेत नाही.”

मुळात हे विम्याचं खूळ शिरलं ते एका कणसामुळे. आदल्या वर्षीचा ऑगस्ट. पावसात भाजलेली कणसं आणली, खाल्ली, आणि उरलेला एक दांडा बुंदीने कधी पळवला ते कुणाला कळलंच नाही. दोन दिवस नुसत्या उलट्या. पाणीही पोटात ठरेना. तिसऱ्या रात्री पोट टम्म. आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंनी हात लावला आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे एक्स-रे, मग सोनोग्राफी, आणि निदान: आतड्यात काहीतरी अडकलंय, आज रात्रीच पोट उघडावं लागेल.

रात्रीचे साडेअकरा. काउंटरवरच्या मुलीने कागदावर आकडा लिहून कागद आमच्याकडे फिरवला. अडतीस हजार आणि वर काही. डॉक्टरांनी विचारलं, “करायचं ना?”

आम्ही ‘हो’ म्हणालो. पण त्याआधी मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे पाहिलं. फार तर दोन सेकंद. तेवढ्यात माझ्या डोक्यात मुलाची क्लासची फी येऊन गेली, आणि समोर टेबलावर ती माझ्याकडे बघत शेपटी हलवायचा प्रयत्न करत होती. ती दोन सेकंदं मला अजून टोचतात. पैसे काय, गेले, पुन्हा आलेही.

कुणी म्हणेल, परळला का नाही नेलंत? तिथलं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आमच्या घराला नवीन नाही. माझे आजोबा लालबागचे, त्यांच्या गल्लीतली निम्मी मांजरं तिथे जाऊन आली असतील. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे त्याचं पूर्ण नाव, पण ते पाटीवर. खर्चही परवडण्यासारखा. पण भर पावसात, मध्यरात्री, आजारी कुत्री घेऊन डोंबिवलीहून परळला न्यायला गाडी कोण देणार? दोन टॅक्सीवाल्यांनी कुत्री म्हटल्यावर फोनच ठेवला. खर्चाचा हिशेब करताना लोक दवाखान्याचे दर मांडतात, अंतर मांडत नाहीत.

बुंदी बरी झाली. मी मात्र विम्याच्या मागे लागले, आणि मी हिशेबाची बाई असल्यामुळे आधी कागद काढले. चार वर्षांची सगळी बिलं एका साडीच्या पिशवीत होती. शनिवारी दुपारी जमिनीवर पसरून बसले. शस्त्रक्रिया ३८,४००. गोचीड ताप दोनदा मिळून १६,६००. लसी ६,४००. गोचिडांच्या गोळ्या आणि मानेवर टाकायचे थेंब ११,२००. कान, खाज, मलम असलं किरकोळ ८,३००. एकूण ८०,९००. हा आकडा मी नवऱ्याला सांगितला, सासूबाईंना सांगितला नाही.

मग दोन पॉलिसी समोर ठेवल्या. मोठीत आजार, अपघात, शस्त्रक्रिया असं सगळं होतं आणि हप्ता जीएसटीसकट वर्षाला ९,४४० रुपये. लहानीत फक्त शस्त्रक्रिया आणि तिसऱ्या माणसाला झालेली इजा, हप्ता ४,१३०. दोन्हींत दर दाव्यामागे दहा टक्के आपल्या खिशातून. माहितीपत्रकात मोठीच्या पानावर एक हसरा लॅब्रेडोर होता. साहजिकच मी मोठीकडे झुकले होते.

माहितीपत्रक बाजूला ठेवून पॉलिसी वर्डिंग, म्हणजे अटींचा पूर्ण मजकूर, वाचायला घेतलं, तिथे गंमत कळली. ‘आजार’ या शब्दाच्या व्याख्येत भरती होणं होतं, आणि भरती म्हणजे सलग चोवीस तास. आता आमच्याकडे गोचीड तापाचा उपचार कसा होतो? प्लेटलेट उतरलेल्या असतात, जनावर खात नाही, तर सकाळी दवाखान्यात न्यायचं, टेबलावर दीड-दोन तास सलाईन, संध्याकाळी पुन्हा इंजेक्शन, रात्री घरी. असं पाच-सहा दिवस. मग डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस, पेढ्यात घालून. (बुंदी पेढा खाऊन गोळी नेमकी थुंकते. श्रीखंडात मात्र फसते.) उपनगरातल्या बहुतेक दवाखान्यांत रात्री कुत्रं ठेवायला जागाच नसते. म्हणजे ज्या आजाराने आमच्याकडची कुत्री सर्रास आजारी पडतात, तो या कागदाच्या हिशेबी आजारच नव्हे, कारण रुग्ण रोज घरी झोपायला येतो.

लसी नाहीत, गोचिडांच्या गोळ्या नाहीत, दात नाहीत, पॉलिसीच्या आधीपासून असलेली खाज नाही. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो हे आजार लस चुकली असेल तर नाहीत. माझ्या ८०,९०० मधलं मोठ्या पॉलिसीने काय दिलं असतं? ती शस्त्रक्रिया, दहा टक्के वजा करून ३४,५६०. लहानीने काय दिलं असतं? तेच ३४,५६०. चार वर्षांचे हप्ते मोठीचे ३७,७६०, लहानीचे १६,५२०. लॅब्रेडोर उगाच हसत नव्हता.

तिसऱ्या माणसाच्या इजेचं कलम मला आधी फार आवडलं होतं. लिफ्टमध्ये एकदा पार्सलवाल्या मुलाच्या पोटरीला बुंदीचा दात लागला होता. त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन इंजेक्शनं सुरू केली, बुडालेल्या दिवसांचे पैसे दिले, माफी मागितली. पण कलमात होतं कायदेशीर जबाबदारी, म्हणजे प्रकरण नोटिशीपर्यंत, कोर्टापर्यंत जायला हवं. गेटवर माणुसकीने दिलेले पैसे त्यात बसत नाहीत.

मे महिन्यात फलटणकडे मामाच्या गावी गेलो. मामाच्या गोठ्यात चार एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) जातीच्या गाई, प्रत्येकीच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला. दोन वर्षांपूर्वी त्याची एक गाय गेली, तीही गोचिडांनीच. जनावरांत त्याला थायलेरिया म्हणतात. मामाने रडत रडतच पहिला फोन पशुवैद्यकीय डॉक्टरांना आणि विम्यावाल्याला केला, शवविच्छेदन होईपर्यंत खड्ड्याला हात लावू दिला नाही, आणि बिल्ला कानाच्या तुकड्यासकट जमा केला. बिल्ला नाही तर दावा नाही, हे तिकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. सत्तर हजारांचा विमा, पैसे मिळाले. सरकारी योजनेत हप्त्याचा बराच भार केंद्र आणि राज्य उचलतं. २०२४ च्या फेब्रुवारीत तर शेतकऱ्याचा वाटा १५ टक्क्यांवर आणला.

मी त्याला माझं त्रांगडं सांगितलं. मामा धार काढता काढता म्हणाला, “गाय मेली की विमा मिळतो. तुझी कुत्री मेली तर तुला काय पायजे?”

म्हटलं, “काहीच नको.”

“मग कशाला काढतीस?”

उत्तर द्यायला मला पूर्ण चरवी भरेपर्यंत वेळ लागला. गाय गेल्यावर दुसरी आणायला पैसे लागतात, म्हणून गाईचा विमा मरणाचा. बुंदी गेल्यावर मला दुसरी आणायची नाही. मला काउंटरवरची ती दोन सेकंदं नको होती. पुन्हा कधी कुणी आकडा लिहून कागद फिरवला, तर नवऱ्याकडे न बघता ‘करा’ म्हणता यावं, एवढ्यासाठी वर्षाला ४,१३० द्यायची माझी तयारी होती. मामाला हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही. “मग लहानीच घे,” एवढंच म्हणाला.

घ्यायचं ठरलं, पण वय? कंपनीला सात वर्षांच्या आतलं जनावर हवं, आणि पशुवैद्याचा दाखला. दातांवरून वय बघायला मामाने लगेच बुंदीचा ओठ वर केला. बैल दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, हे तो बाजारात लांबून सांगतो. इथे मात्र त्याने हात टेकले. डोंबिवलीला परतल्यावर डॉक्टरबाईंनी सांगितलं, कुत्र्याचे सगळे पक्के दात साधारण सातव्या महिन्यापर्यंत येऊन जातात. पुढे फक्त झीज बघायची आणि कीट. त्यांनी टॉर्च मारला, नखाने कीट खरवडलं आणि लिहिलं: अंदाजे पाच वर्षे. कंपनीने दाखला एकदा परत पाठवला, ‘अंदाजे’ काढा म्हणून. डॉक्टरबाईंनी नकार दिला. आठवडाभराने तसाच घेतला.

डॉक्टरबाईंचंही मत विचारलं होतं. म्हणाल्या, नसबंदी झालेली आहे, त्यामुळे गर्भाशयात पू होऊन रातोरात ऑपरेशन करावं लागण्याची भीती हिला नाही. राहिलं गिळलेलं काही, गाडीची धडक, किंवा गुडघ्याचं लिगामेंट. गुडघ्याला लाखाच्या आसपास जातात आणि माझ्या पॉलिसीची मर्यादा ५०,००० होती. म्हणजे अर्धं छप्पर. ते कळूनच घेतलं.

उरलेल्या अर्ध्यासाठी आणि गोचिडांसाठी आवर्ती ठेव. आई म्हणाली, पोस्टात उघड, व्याज बरं आहे. खरं आहे, ६.७ टक्के होतं तेव्हा. पण पोस्टाची आरडी पाच वर्षांची आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. गोचिडांना हे कोण समजावणार? बँकेत उघडली, महिना पाचशे.

शेवटी फोटो: समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी. सासूबाई पोळी घेऊन कॅमेऱ्याच्या मागे उभ्या होत्या, म्हणून चारही फोटोंत बुंदी एखाद्या साध्वीसारखी वर बघतेय. ‘ओळखीची खूण’ या रकान्यात लिहिलं: डाव्या कानाला खाच. नसबंदी करून सोडताना भटक्या कुत्र्यांच्या कानाला खाच पाडतात, ती. बुंदी आमच्याकडे आली तेव्हापासूनच ती खाच आहे. खरेदी किंमत टाकली एक रुपया. सिस्टिमने घेतली.

दिवाळीत मामा आमच्याकडे आला. चहा घेता घेता त्याने बुंदीचे दोन्ही कान उलटेपालटे करून पाहिले.

“विमा काढला म्हणालीस. बिल्ला कुठंय?”

मी खाच दाखवली. सगळं सांगितलं, ही सरकारी नसबंदीची खूण वगैरे.

मामाने खाचेवरून अंगठा फिरवला. “बिल्ला सरकारचा,” तो म्हणाला, “आणि हप्ता तुझा?”